मिठीचा आवाज साफ करायचा नव्हता

"ही आमची खाडी नाय."

पहिल्या रिहर्सलला मिठी नदीचं बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकून झाल्यावर माहीम कोळीवाड्यातल्या मावशी एवढंच बोलल्या आणि पिशवी उचलून उभ्या राहिल्या. आम्ही सगळे गप्प. तीन महिने पहाटे उठून, माइकवर फोमची टोपी चढवून, डासांचे चावे खात जे गोळा केलं होतं, आणि मग आठवडाभर हेडफोन लावून ज्यातला एकेक हॉर्न, एकेक खोकला काढून टाकला होता, ते ऐकून जिच्या दारात ही खाडी आहे ती बाई म्हणतेय की ही आमची नाहीच. मला वाईट वाटलं, रागही आला. पण पुढचं सगळं त्या वाक्यामुळे घडलं म्हणून तिथूनच सुरुवात करते, आणि झालं काय ते सविस्तर सांगते, कारण असं काही करायची इच्छा असलेले बरेच जण भेटतात, आम्ही कुठे चुकलो ते त्यांना आधीच कळलेलं बरं.

कल्पना साधी होती. मिठी नदीच्या काठाने राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या लोकांनी मिळून नदीवर आवाजाचा एक प्रयोग करायचा. नाटक नाही, गाण्यांचा कार्यक्रम नाही, नुसते आवाज, काही रेकॉर्ड केलेले आणि काही समोर बसून केलेले. मी नाट्यशिबिरं घेते, त्यामुळे माणसं जमवणं माझ्याकडे आलं. एक रेकॉर्डिस्ट मुलगा, कॉलेजच्या दोन मुली, एक संबळवाला, कुर्ल्यात लेथ मशीनचं वर्कशॉप असलेले दादा, माहीमच्या मावशी आणि त्यांचे मिस्टर, आरेच्या जंगलातल्या एका पाड्यातले तारपा वाजवणारे वारली काका आणि त्यांची पुतणी. मी धरून दहा जण.

मिठीच का, तर मुंबईत माणसाचं आणि निसर्गाचं काय चाललंय ते एकाच दोरीत ओवलेलं बघायचं असेल तर याच्यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. जेमतेम 18 किलोमीटरची नदी. विहार तलाव भरून वाहायला लागला की त्याचं पाणी आणि खालून पवईचं पाणी मिळून ही बनते, आरेच्या कडेने फिल्टरपाड्यावरून उतरते, मरोळ, साकीनाका करत विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, मग कुर्ला, कलिना, दलदलीत भराव घालून उभं केलेलं बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी, आणि शेवटी माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. वरच्या टोकाला वारली पाडे, खालच्या टोकाला कोळीवाडा, आणि मध्ये आपण सगळे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला 74 च्या आसपास, तोपर्यंत मिठी ही नदी आहे हेच अर्ध्या मुंबईला माहीत नव्हतं, लोक तिला नाला म्हणायचे. आजही म्हणतात.

तर रेकॉर्डिंग. जानेवारी ते मार्च आम्ही नऊ ठिकाणी गेलो, बहुतेक पहाटे साडेपाच ते सात. आणि परत येऊन ऐकलं की सगळीकडे तेच, खाली एक जाड घूं आवाज, वाहनांचा, एसीच्या यंत्रांचा, लांबच्या हायवेचा, आणि त्याच्यावर कुठेतरी एक दयाळ पक्षी शीळ घालतोय. रेकॉर्डिस्टने मग सर्वसाधारणपणे कुणीही करेल तेच केलं, खालची कंपनं कापणारा फिल्टर लावला, वर नॉइज काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रहदारीचा जोर बराचसा हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांच्या खाली असतो, पक्ष्यांचा बराचसा त्याच्या वर, मग खालचं कापलं की वरचं उजळून दिसतं. आणि दिसलंच. दयाळ असा वाजायला लागला की अंगावर काटा यावा. आम्ही खूश.

भारद्वाज गेला हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्याचं ते घुमणारं हूप हूप हूप खूप खालच्या स्वरात असतं, ते त्या घूं बरोबरच कापलं गेलं. लॉन्चच्या इंजिनाची धडधड गेली, माहीम-वांद्र्याच्या मधल्या पुलावरून जाणारी लोकल गेली, किनाऱ्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं ते गेलं. मावशी दुसऱ्या दिवशी फोनवर मला म्हणाल्या, "पोरी, आमच्या खाडीत आमी पन असतो ना. तुमी आमालाच पुसून टाकलं."

मला हे वाक्य अजून झोपेत आठवतं. आम्ही निसर्ग आणि माणूस यांच्या नात्यावर प्रयोग करत होतो आणि त्यातला माणूस कचरा समजून काढून टाकला होता. आणि काढला कोणता माणूस, तर पिढ्यान् पिढ्या त्याच पाण्यावर जगणारा.

याच काळात आम्ही थोडं वाचायलाही लागलो. रेमंड मरे शेफर नावाचा कॅनडाचा संगीतकार, त्याने 1960 च्या दशकाच्या शेवटी व्हँकुव्हरजवळच्या एका विद्यापीठात जागांचे आवाज जसेच्या तसे नोंदवून ठेवायचं काम सुरू केलं, साउंडस्केप हा शब्द त्याच्यामुळे सगळीकडे गेला. दुसरा बर्नी क्रॉस, अमेरिकेतला रेकॉर्डिस्ट. तो कुठल्याही जागेचा आवाज तीन भागांत ऐकतो, वारा-पाणी-पावसाचा, प्राण्यापक्ष्यांचा आणि माणसाचा. त्याची एक गोष्ट आमच्या सगळ्यांच्या मनात बसली. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरात लिंकन मेडो म्हणून एक जागा आहे, तिथे लाकूड कंपनीने गावाला सांगितलं होतं की आम्ही मोजकीच झाडं तोडणार, जंगलाला काही होणार नाही. क्रॉसने तोडीच्या आधी 1988 साली तिथे रेकॉर्डिंग केलं आणि वर्षभराने त्याच दिवसांत, त्याच वेळेला पुन्हा केलं. फोटोत जंगल जसंच्या तसं. आवाजात मात्र पक्षी जवळजवळ गायब, ओढा आणि कुठेतरी एक सुतार पक्षी एवढंच.

ही गोष्ट मी रिहर्सलला सांगितली तेव्हा काकांची पुतणी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आमच्याकडे आधीचं काहीच नाही. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रात्रीत झाडं पाडायला सुरुवात झाली, सुप्रीम कोर्टाची स्थगिती येईपर्यंत दोन हजारांवर झाडं गेलेली होती. ती तेव्हा शाळेत होती. मशीन करवतीचा आवाज तिला पाठ आहे, पण त्या जागेचा त्याच्या आधीचा आवाज आमच्यातल्या कुणाकडेच नाही, फक्त पाड्यातल्या लोकांच्या कानात आहे. त्या दिवसापासून ती दर पंधरा दिवसांनी एकाच झाडाखाली उभी राहून फोनवर दहा मिनिटं रेकॉर्ड करते. या सगळ्या खटाटोपातून दुसरं काही निघालं नसतं तरी चाललं असतं असं मला वाटतं.

अजून एक चूक सांगायलाच हवी, कारण ती थोडक्यात टळली.

पाण्याखालचा माइक असतो, हायड्रोफोन. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, हवेत साधारण 340, त्यामुळे पाण्याखालचं जग आपल्याला वाटतं तसं शांत अजिबात नसतं. मावशींनीच सांगितलं होतं की त्यांचे वडील होडीच्या तळाला कान लावून घोळीचा थवा ओळखायचे. ऐकून आधी वाटलं दंतकथा असेल, पण घोळ, ढोमी या जातीचे मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून खरंच आवाज काढतात, इंग्रजीत त्यांच्या कुळाचं नावच मुळी डरांव डरांव करणारे अशा अर्थाचं आहे. तर आम्ही मोठ्या आशेने माहीमला ओहोटीच्या वेळी हायड्रोफोन सोडला आणि आत बुडबुड, टपटप, फुसफुस असे इतके आवाज की आम्ही नाचायचेच बाकी होतो. कुठेतरी वाचलं होतं की एक जातीची कोळंबी असते, तिची एक नांगी मोठी असते आणि ती नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटण्याचा आवाज येतो, नांगीवर नांगी आपटण्याचा नाही, हे 2000 साली संशोधकांनी दाखवलंय. आम्ही फाइलला नाव दिलं, खाडीतले जीव. प्रयोगात तो सगळ्यात सुंदर भाग होणार होता, दिवे घालवून ऐकवायचा.

मावशींच्या मिस्टरांनी दोन मिनिटं हेडफोन लावला आणि काढून ठेवला. "जीव कुटला, चिकलाचा वायू हाय तो. काठी खुपसली की असाच वर येतो."

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना ऐकवलं, ते म्हणाले मावशींचे मिस्टर बरोबर आहेत. वर्षानुवर्षं सांडपाणी येऊन साचलेला गाळ, त्यात ऑक्सिजन नाही, तिथले जिवाणू कुजवण्याचं काम करताना मिथेन आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू सोडतात, त्याचे ते बुडबुडे. म्हणजे नदी गुदमरल्याचा आवाज आम्ही जीवसृष्टी म्हणून लोकांना ऐकवणार होतो आणि लोकांनी डोळे मिटून छान छान म्हटलं असतं. नंतर वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकात साचलेल्या पाण्यात हायड्रोफोन सोडला तेव्हा खरा तडतडाट मिळाला, फोडणीत मोहरी तडतडते अगदी तसा. प्रयोगात मग दोन्ही ठेवले, एकामागे एक, आणि कुठला कशाचा ते स्पष्ट सांगून. सांगायचं की नाही यावर आमच्यात वाद झाला, काहींचं म्हणणं की ऐकणाऱ्याला ठरवू द्या. मला ते पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. नदी कशाने आजारी आहे हे माहीत असताना ते गूढ म्हणून ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

आता मुख्य अडचण.

प्रयोग जुलैत ठरला होता आणि त्याचं कारण मावशी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्त करायला बसलेले असतात, तेव्हाच कोळीवाड्यातले लोक संध्याकाळी मोकळे मिळतात. नारळी पौर्णिमा झाली की कुणी सापडत नाही. हॉल बुक झाला, अॅडव्हान्स भरला. आणि मेच्या शेवटी काकांना तारीख सांगितली तर ते म्हणाले की मी येईन, पण तारपा नाही आणणार.

आम्हाला वाटलं पैशाचं काहीतरी असेल. नव्हतं. तारपा म्हणजे सुकवलेला दुधी भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, आणि श्वास न तोडता तो सलग फुंकत राहायचा. पण तो वाजतो भात तयार झाल्यावर. "पाऊस चालूय, रोप लागायचंय अजून, पीक घरात आल्याशिवाय आम्ही तारपा नाही काढत." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की आधी मला त्यातलं वजनच कळलं नाही. मी म्हटलं, काका, हे स्टेजवर आहे, देवाला थोडंच आहे. त्यांनी उत्तर दिलं नाही. पुतणीने नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, ताई, तुम्ही असं बोलायला नको होतं.

नको होतंच. दोन दिवसांनी पाड्यावर जाऊन मी माफी मागितली, काकूंनी चहा दिला, विषय तिथे मिटला. तारखेचं मात्र तसंच होतं. एका टोकाला समुद्राचं वेळापत्रक, पावसात मोकळे. दुसऱ्या टोकाला शेताचं वेळापत्रक, पावसात तारपा बंद. एकाच 18 किलोमीटरच्या नदीची दोन टोकं आणि दोघांचे ऋतू एकमेकांच्या उलटे. रेकॉर्डिस्ट म्हणाला मागच्या दिवाळीतलं काकांचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, ते लावू. व्यवहाराने बघितलं तर सोपा उपाय. लोकांना काय कळणार होतं.

त्या रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर दीड वाजेपर्यंत चर्चा चालली आणि मला वाटतं खरा प्रयोग तिथे झाला. लेथवाल्या दादांनी लिहिलं की आपण फिल्टर लावून मावशींना काढलं होतं तेव्हा चुकलो म्हणून कबूल केलं ना, आता रेकॉर्डिंग लावून काकांना त्यांच्या मनाविरुद्ध आत घालतोय, गोष्ट एकच. संबळवाला शास्त्रीयही थोडं शिकलाय, त्याने लिहिलं की गाण्यात आपण जागा घेतो, इथे सोडूया. म्हणजे तारप्याची चार मिनिटं तशीच मोकळी ठेवायची. भरायची नाहीत. काका येतील, बसतील, आणि वाजवणार नाहीत.

मग त्याच्यातून एक नियमच निघाला आणि तो आम्ही पूर्ण प्रयोगाला लावला: कुणीही त्या क्षणी ऐकू येणाऱ्या सगळ्यात हळू आवाजाच्या वर जायचं नाही, आणि ज्याच्यावर आपलं चालत नाही असा मोठा आवाज आला तर थांबायचं. ऐकायला साधा वाटतो. करून बघा. माणसाची सवय नेमकी उलटी आहे, आजूबाजूला गोंगाट वाढला की आपण नकळत आवाज चढवतो, एटिएन लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्ये हे मांडलं, त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. पक्षीही करतात. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात 2003 साली अभ्यास झाला होता, गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट नावाचे छोटे पक्षी त्यांच्या गाण्यातले खालचे स्वर सोडून वरच्या पट्टीत गात होते. त्यांना पर्याय नाही, जोडीदाराने ऐकायला तर पाहिजे. आपल्याला पर्याय आहे.

हा नियम पाळायला सगळ्यात अवघड जागा म्हणजे आमचा हॉल. कुर्ल्यात, पत्र्याचं छप्पर, भाडं परवडणारं. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, विमानं वाऱ्याला तोंड देऊन उतरतात म्हणजे पूर्वेकडून येतात, घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरून, गर्दीच्या वेळी दर दोनेक मिनिटांना एक. तिथले लोक बोलता बोलता थांबतात, विमान जातं, वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे, कुणाला काही विशेष वाटत नाही. आम्ही तेच घेतलं. विमान आलं की हात थांबले. पूर्ण गेलं की पुन्हा सुरू.

प्रयोगाचा दिवस. सत्तर-एक लोक, खुर्च्या गोल, स्पीकर फक्त चार आणि तेही जमिनीलगत. सुरुवात फिल्टरपाड्यापासून, दगडावरून उतरणारं पाणी, न कापलेलं, मागे रिक्षा आणि कोंबड्यासकट, आणि त्याच्याबरोबर मुली दोन माठांत पाणी हलवतायत. मग दादांची लेथची पोलादी नळी, तिच्यावर हळूहळू कानस. मावशींना सगळे कोळीगीत म्हणा म्हणून मागे लागले होते, त्यांनी साफ सांगितलं होतं की गाणी लग्नात, इथं नाय. त्यांनी जाळं आणलं. शिशाच्या गोळ्या लावलेलं जाळं फरशीवरून ओढलं की जो खळखळाट होतो, तो मी कधीच ऐकला नव्हता, आणि त्या ते ओढता ओढता मासे मोजत होत्या, बाजारात मोजतात तसे, शेवटचा आकडा लांबवत.

26 जुलैचा भाग दादांकडे होता. रिहर्सलला कुणीतरी पावसाच्या धुवांधार आवाजाची फाइल सुचवली होती, ते म्हणाले पाऊस मला आठवतच नाही. मला आठवतो सिलिंडर. खोलीत गळ्यापर्यंत पाणी, दिवे गेलेले, आणि गॅसचा सिलिंडर तरंगत येऊन भिंतीवर ठण, मग दुसऱ्या भिंतीवर ठण, रात्रभर. त्यांनी प्रयोगात रिकामा सिलिंडर लाकडी हातोडीने फक्त सात वेळा वाजवला. मध्ये मध्ये मोठी जागा. समोर बसलेल्या दोन-तीन बायका रडत होत्या, त्या कुर्ल्याच्याच होत्या, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

आणि मग काका. खुर्चीवर बसले, हात मांडीवर, चार मिनिटं. मी आधी लोकांना एवढंच सांगितलं होतं की इथे तारपा वाजला असता, पण शेतात अजून भात नाही. पहिलं मिनिट लोक चुळबुळले. दोन विमानं गेली. मग जोराची सर आली, छपरावर पत्रा वाजायला लागला, आणि एवढी मोठी सर आली की उतरणारी विमानं काही वेळ थांबतात, आभाळात घिरट्या घालतात, त्यामुळे पहिल्यांदाच सलग विमान नाही. चार मिनिटांची दहा झाली कारण नियम होता, पावसाच्या वर जायचं नाही. काका डोळे मिटून ऐकत होते. नंतर मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, पाऊस बरा होता, रोपाला लागणारा होता. आम्ही त्याला प्रयोगाचा भाग समजत होतो आणि ते शेत मोजत होते.

पंचेचाळीस मिनिटांचा प्रयोग एक तास दहा मिनिटं चालला. विमानांमुळे आम्ही एकोणीस वेळा थांबलो. पंधरा-वीस जण मध्येच उठून गेले, एका गृहस्थांनी बाहेर मला सांगितलं की सारखं थांबून थांबून लिंक तुटते, तुम्ही एसी हॉल घ्यायला पाहिजे होता. त्यांचं वाटणं खोटं नाही, लिंक तुटतेच. नियमाप्रमाणे राहायच्या भागात दिवसा 55 डेसिबलच्या वर आवाज जायला नको, कुर्ल्यातल्या मुलांच्या अभ्यासाची लिंक दर दोन मिनिटांनी तुटते. ती बंद हॉलमध्ये जाऊन जोडायची म्हणजे पुन्हा फिल्टरच.

एक गोष्ट मात्र वाईट झाली आणि ती मला सांगायची आहे. आलेल्यांपैकी कुणीतरी मावशींच्या मोजण्याचा तुकडा रेकॉर्ड केला, खाली बीट टाकला आणि रील केली. खूप चालली. मावशींचं नाव नाही, माहीमचं नाव नाही, नदीचं नाही. भाच्याने त्यांना मोबाइलवर दाखवली तेव्हा त्या हसल्या, पण मला फोन करून विचारलं, "पोरी, आवाज माझा ना? मंग इचारलं कुनी?" आम्ही संबंधितांना कळवलं, बऱ्याच दिवसांनी ती रील उतरली. पण चूक आमचीही होती. मानधन सगळ्यांना सारखं दिलं होतं, तेवढं बरोबर केलं होतं, पण आवाज कुणाचा, कुठे वापरायचा, कुठे नाही, याचा एक साधा कागद आधी करायला हवा होता. आता असं काही करणाऱ्याला मी पहिलं हेच सांगते, माइक विकत घ्यायच्या आधी तो कागद करा, आणि तो मराठीत करा, वाचून दाखवा.

नोव्हेंबरमध्ये काकांचा फोन आला. भात निघालं, या.

कुणी प्रेक्षक बोलावले नाहीत, तिकीट नाही, स्पीकर नाही, वीज सुद्धा घेतली नाही. संध्याकाळी पाचला सुरू करायचं आणि अंधाराआधी आवरायचं, कारण आरेत बिबट्या आहे आणि पाड्यातले लोक त्याला वाघोबा म्हणून पुजतात आणि त्याच्या वेळेला त्याच्या वाटेत जात नाहीत. अंगणात गोल केला, हातात हात. पाठ तारप्याकडे करायची नसते, त्यामुळे गोल फिरताना प्रत्येकाचं तोंड आतच. काकांनी फुंकायला सुरुवात केली आणि साधारण वीस मिनिटं तो स्वर तुटला नाही, रातकिडे सुरू झाले तरी तुटला नाही, आणि खरं सांगते, तारपा त्यांच्या वर गेला नाही, बरोबर राहिला. संबळवाल्याने संबळ आणलाच नव्हता.

मावशी उशिरा आल्या. आता हंगाम सुरू होता, माल विकून, पाटी धुऊन, माहीमहून निघून गोरेगावपर्यंत ट्रेन आणि पुढे रिक्षा. आल्या त्या थेट गोलात शिरल्या, पाटी पायाशी ठेवली. काकांनी फुंकता फुंकता मान हलवली फक्त. नंतर दोघं बराच वेळ ओट्यावर बसून बोलत होते, मला वाटलं प्रयोगाबद्दल असेल, जवळ गेले तर विषय होता उधाणाची मोठी भरती आणि भांगाची छोटी, कुठल्या तिथीला पाणी किती चढतं, आणि काका विचारत होते की विहार भरून वाहिला की ते तुमच्याकडे किती दिवसांनी कळतं. मावशी म्हणाल्या, "पाण्याचा रंग बदलतो ना, लगेच कळतं. तुमचंच पानी येतं आमच्याकडं."

रेकॉर्डिस्टने तो पूर्ण तारपा रेकॉर्ड केला, यावेळी विचारून, कागदावर. काकांनी सही केली पण पुतणीकडून खाली एक ओळ लिहून घेतली. त्यामुळे ती फाइल हार्डडिस्कवर आहे, दोन कॉपी आहेत, आणि आखाड लागल्यापासून आम्ही ती उघडलेली नाही. भात घरात आलं की काका फोन करतील, मग.